फुलीच्या फळ्या

कंत्राटदार चार वाजता येणार होता. अकरा वाजून गेले तरी माळ्यावरचं निम्मं सामानही खाली आलं नव्हतं, कारण या घराची रीतच अशी, की वरून एक वस्तू आली की तिच्याभोवती तिघं बसतात आणि ती कुणाची, कधीची आणि कुणी मोडली यावर बोलायला लागतात. एका मोडक्या टेबल-पंख्याने अर्धा तास खाल्ला. दादा म्हणे तो धाकट्याने मोडला, धाकटा म्हणे मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, आणि ताई म्हणे, "तू जन्मायच्या आधीपासूनच मोडतोड करतोस."

अण्णा मात्र शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून गप्प बसले होते. एरवी चहाची कपबशी कलती ठेवली तरी टेबल तिरकं आहे की बशी, यावर बोलणारा माणूस. उजव्या कानावर सुताराची चपटी पेन्सिल असायची. जेवताना असायची, दाढी करतानाही असायची, आणि कुणी मागितली तर "दुकानात मिळते" असं उत्तर मिळायचं. महिन्यापूर्वी ती त्यांनी काढून खणात ठेवली. हे पहिल्यांदा माईच्या लक्षात आलं.

झालं होतं असं. ताई जुनी बॅग शोधायला माळ्यावर चढली, बॅटरीचा झोत वर गेला आणि तिला कौलांखालच्या फळ्या दिसल्या. काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या, मध्येमध्ये हिरवट लव. बुरशी. ताई इस्पितळात परिचारिका, त्यात माईला थंडीभर खोकला, त्यामुळे तिने तिथूनच घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कंत्राटदार आला, शिडीवरून डोकं आत घालून दोन मिनिटं बघून उतरला आणि म्हणाला, "लाकूड कच्चं वापरलं असणार. सगळं छत उतरवावं लागेल."

ते छत अण्णांनी घातलेलं होतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या हाताने, एक एक फळी रंधा मारून. सगळ्यांना वाटलं, आता कंत्राटदाराचं काही खरं नाही. अण्णा नुसते "असेल" म्हणाले आणि आत गेले. आज चारला अण्णा कागदावर सही करणार, छत निघणार, आणि काम होईपर्यंत अण्णा-माई ताईच्या फ्लॅटवर राहणार असं ठरलं होतं. "काम होईपर्यंत" म्हणजे कायमचं, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. छत गेलं की या घरात अण्णांना धरून ठेवणारं काही राहत नव्हतं.

साडेअकराला वहिनी आली. दादाची बायको. पावाच्या बेकरीत पहाटेची पाळी संपवून ती थेट आली होती, कोपरांना अजून पीठ होतं. अण्णा तिला लग्न झाल्यापासून "पाववाली" म्हणतात, तेही प्रेमाने, पण घरातल्या मोठ्या गोष्टींत तिला कुणी विचारत नाही, हेही खरं.

"पाववाली आली," अण्णा म्हणाले. सकाळपासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"आले. वर कोण आहे?"

"कुणी नाही. दादाची कंबर धरली, धाकट्याला फोन आलाय आणि मला धुळीत जायचं नाही," ताई म्हणाली.

"मग मी जाते," म्हणत वहिनीने पदर खोचला. एकोणीस वर्षं या घरात काढली, पण माळ्यावर ती एकदाही गेली नव्हती. तशी वेळच आली नाही. वर जायचं काम पुरुषांचं, आणि पुरुष नसले की ताईचं.

वर पोचल्यावर तिला आधी वास आला. ती शिडीच्या वरच्या पायरीवरच थांबली. हा वास तिला पाठ होता.

बेकरीत नवी होती तेव्हा तिने एकदा घाईघाईत दोनशे पाव भट्टीतून निघाल्या निघाल्या पिशव्यांत भरून तोंडं बांधली होती. तिसऱ्या दिवशी पिशव्या उघडल्या तेव्हा हाच वास आला होता. मालकाने ते पाव फेकले नाहीत, दिवसभर दारात मांडून ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावे म्हणून. पीठ चांगलं होतं, भट्टी चांगली होती. पाव आतून ऊन होता, वाफ पिशवीत कोंडली, गार प्लॅस्टिकला लागून तिचं पाणी झालं, आणि पाण्यावर बुरशी आली. तेव्हापासून तिच्या हाताखालच्या प्रत्येक पोरीला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते, की पाव जाळीवर गार होऊ दे, त्याला वारा लागू दे, मग बांध.

तिने बॅटरी वर मारली. काळे ठिपके कसेही पसरलेले नव्हते. खिळ्यांभोवती गर्दी होती. प्रत्येक खिळ्याचं टोक गंजलेलं, काहींच्या टोकाला पाण्याचा बारीक थेंब. खिळा लोखंडाचा, बाहेरच्या थंडीने तो सगळ्यात आधी गार होणार. कौल फुटून पाणी आलं असतं तर फळीवर ओघळ दिसले असते, कडेला पिवळी वर्तुळं दिसली असती. तसं कुठेच नव्हतं. ती वाकून वाकून पुढे गेली. बाथरूमच्या डोक्यावर फळ्या सगळ्यात काळ्या होत्या. दादाने गेल्या वर्षी दोन डाग दिसले म्हणून तिथे पांढरा रंग मारला होता, दादा रंगाच्या दुकानात काम करतो आणि त्याला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर रंग हेच औषध ठाऊक आहे. काळं रंगातून वर आलं होतं. आणि मागच्या टोकाला, फुटक्या काचेच्या झरोक्यापाशी, फळ्या चक्क स्वच्छ होत्या. नुसत्या स्वच्छ नाहीत, मधासारख्या पिवळ्या. त्यातल्या काहींच्या कडेला पेन्सिलने छोट्या फुल्या मारलेल्या होत्या.

वहिनीचं काळीज धडधडायला लागलं. भट्टी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पेटवली तेव्हाही इतकं धडधडलं नव्हतं.

"अण्णा," तिने वरून हाक दिली, "या मागच्या फळ्यांवर फुल्या कसल्या आहेत?"

खाली अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण ते तिला वरून दिसायचं नव्हतं.

ती खाली उतरली ती धडाधडा, शेवटच्या दोन पायऱ्या गाळूनच. "लाकडाचा काही दोष नाही," ती म्हणाली. "वाफ कोंडलीये."

"वाफ?" दादा म्हणाला. "माळ्यावर कोण चहा करतंय?"

"बाथरूमची वाफ. बाथरूमच्या डोक्यावरच सगळ्यात जास्त काळं आहे. ऊन वाफ वर जाते, फळ्या बाहेरच्या थंडीने गार, तिथे तिचं पाणी होतं. आमच्याकडे पाव ऊन असताना बांधला तर असाच..."

"हिला सगळीकडे पाव दिसतो," दादा ताईकडे बघून हसला.

ताई हसली नाही. दोन दिवसांपूर्वी फळ्या कुजल्यात म्हणून तिने आणि दादाने मिळून अण्णांना सहीसाठी तयार केलं होतं, आणि ती बसलेली घडी मोडायला तिला नको होती. "वहिनी, मला माईच्या छातीची काळजी आहे. कंत्राटदार रोज छतं बघतो. तू..."

"मी रोज बुरशी बघते," वहिनी म्हणाली. "आणि तो आत चढलाच नाही. डोकं घातलं आणि निघाला. तुझ्या इस्पितळात डॉक्टर दारातूनच पेशंट बघून कापायला सांगतो का?"

हे ताईच्या वर्मी बसलं. तिने माळ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ताई वाद अर्धवट सोडून बघायला लागली म्हणजे ती विचार करते आहे, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

"बाथरूमच्या वाफेला पंखा लावलाय ना," दादा म्हणाला. "याने लावलाय की. तो वाफ बाहेर टाकतो."

"याने" म्हणजे धाकट्याने. धाकटा इलेक्ट्रिशियन. फोन संपवून तो दारात उभा होता, आणि पंखा हा शब्द कानावर पडताच त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पंखा बसवला, त्याची नळी वर माळ्यावर नेली, भिंतीला भोक पाडून बाहेर काढायची होती. ड्रिलचं मोठं पातं मिळालं नाही. "उद्या करतो" म्हणून नळीचं तोंड त्याने वाशांमध्ये तसंच ठेवलं. तो उद्या नऊ वर्षांत उगवला नाही. गेला महिनाभर त्याला ते एकदाही आठवलं नव्हतं, शपथेवर. पण आता आठवलं होतं, आणि आता गप्प बसता आलं असतं. सगळे जेवायला बसले की वर जाऊन अर्ध्या तासात नळी बाहेर काढता आली असती, कुणाला पत्ता लागला नसता. त्याने अण्णांकडे पाहिलं. कानावर पेन्सिल नव्हती, आणि तिथे चाळीस वर्षांत पडलेला बारीक खळगा तेवढा दिसत होता.

"पंखा वाफ बाहेर टाकत नाही," तो म्हणाला. "माळ्यावर टाकतो. नळी मी अर्धवट सोडली होती."

"काय?" दादा आणि ताई एकदमच म्हणाले.

"मारायचं नंतर. आधी खात्री करू. दादा, गरम पाणी सोड, पंखा लाव. वहिनी, चल वर."

दादाची कंबर अचानक बरी झाली. बाथरूममध्ये नळ सुटला, पंखा घरघरला. वर धाकटा आणि वहिनी गुडघ्यांवर बसून वाट बघत होते. जुन्या ट्रंकेमागून आधी काही आलं नाही. मग एक पांढरी रेघ आली, मग पुरा लोट. बॅटरीच्या उजेडात तो वाशांना चाटत वर गेला आणि फळ्यांवर पसरला. वहिनीने हात वर करून फळीवर फिरवला आणि ओला तळवा धाकट्याच्या नाकासमोर धरला.

"दिसली," धाकटा खाली ओरडला. "दादा, वाफ दिसली. बदाबदा येतेय."

ताई कधी शिडी चढून आली ते कळलंच नाही. धुळीत न जाणारी ताई लोटात तोंड घालून बसली होती. "म्हणजे नऊ वर्षं आम्ही माळ्याला अंघोळ घालतोय," ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं, आणि महिनाभर कुणी मनापासून हसलं नव्हतं म्हणून असेल, तिघंही वर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

खाली मात्र अण्णा मान हलवत होते. ते खुर्चीतून उठले होते, शिडीचा दांडा धरून उभे होते. "नुसत्या वाफेने असं होणार नाही," ते म्हणाले. आवाज जुना होता, कपबशीवाला. "मी वळचणीला फटी ठेवल्यात. एका बाजूला एकवीस, दुसऱ्या बाजूला एकवीस. खालून वारा आत येतो, वर आढ्याखालून बाहेर जातो. छत श्वास घेतं. वाफ आली तरी टिकायची नाही. बघा, कडेला उजेड दिसतोय का."

वर तिघांनी बॅटरी विझवल्या. कडेला मिट्ट काळोख होता. झरोक्यापाशी तेवढा उजेड.

"नाही दिसत अण्णा," वहिनी म्हणाली.

"नीट बघा. बेचाळीस आहेत. मी कापल्यात."

"एकही नाही."

अण्णांचा चेहरा पडला. इतका वेळ कसाबसा उभा राहिलेला माणूस पुन्हा खुर्चीकडे वळला, आणि तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून माई म्हणाली, "तिथे माझ्या उश्या आहेत."

सगळं घर तिच्याकडे बघायला लागलं. माई ओला हात पदराला पुसत होती, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"कसल्या उश्या?" दादाने विचारलं.

"छोट्या. तुमचे अण्णा बाहेरगावी कामाला गेले होते बघ दीड महिना, बारा वर्षं झाली. वारा नुसती शिट्टी घालायचा वर. कबुतरं आत यायची. मी म्हटलं, हा माणूस छत घालून गेला आणि भोकं बुजवायची विसरला. मग तुमचे जुने कपडे होतेच. बेचाळीस शिवल्या. एका मापाच्या."

"विसरला?" अण्णा म्हणाले.

"मला काय ठाऊक तुम्ही मुद्दाम ठेवलीत ती. तुम्ही कधी सांगितलंत? कामाचं काही बोलायचं म्हटलं की तुमचं आपलं 'दुकानात मिळते'."

"बेचाळीस भोकं कुणी विसरतं का?"

"तुम्ही डबा विसरत होता रोज."

दादाला हसू आवरेना. ताई वरून म्हणाली, "माई, तू चढलीस कशी?" आणि माई म्हणाली, "तुझ्या लहानपणी भिंतीवर चढून तुला उतरवत होते, शिडी काय मोठी."

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की खेळ, कोण जाणे. ताईने इस्पितळातले मास्क आणले होतेच, ते सगळ्यांच्या तोंडावर चढवले, हातमोजे दिले, माईला अंगणात पाठवलं. मग धाकटा एका वळचणीला आणि वहिनी दुसऱ्या वळचणीला पोटावर पडून सरकले. उशी घट्ट बसलेली असे, माईचं शिवण कधी ढिलं नसतं. ओढली की फस्सकन बाहेर यायची, मागोमाग हाताएवढा उजेड आत पडायचा आणि गार वारा तोंडावर यायचा. उश्या शिडीवरून खाली पडत होत्या, दादा त्या झेलून अंगणात नेत होता आणि माई त्या ओळखत होती. ही दादाची शाळेची चड्डी. ही ताईचा पहिला गणवेश, बाहीवर अजून शाईचा डाग. ही अण्णांचा तो चट्ट्यापट्ट्यांचा सदरा, जो हरवला म्हणून त्यांनी धोब्याशी भांडण केलं होतं.

"धोब्याने घेतला नव्हता तर," अण्णा म्हणाले.

"मी कुठे म्हटलं घेतला म्हणून? तुम्हीच म्हणत होता."

बेचाळिसावी उशी निघाली तेव्हा वर उजेडाच्या दोन ओळी लागल्या होत्या, आणि वाफेचा उरलेला लोट हळूहळू आढ्याकडे सरकून बाहेर जाताना दिसत होता. वहिनीने हात वर धरला. वारा बोटांमधून जात होता. छत खरंच श्वास घेत होतं, अण्णा म्हणाले तसंच.

कंत्राटदार पावणेचारला आला, आणि माणूस वाईट नव्हता. अंगणातला उश्यांचा ढीग, सगळ्यांची काळी तोंडं आणि धाकट्याच्या हातातली नळी बघून त्याने कागद काखेत धरला आणि काही न विचारता शिडी चढला. या वेळी पूर्ण आत गेला. स्क्रू ड्रायव्हरने फळ्या टोचत अर्धा तास फिरला. उतरला तेव्हा त्याच्या केसांना जळमटं लागली होती.

"तीन फळ्या गेल्यात, बाथरूमच्या डोक्यावरच्या. मऊ झाल्यात, टोचलं की आत जातं," तो म्हणाला. "बाकी सगळ्या टणक आहेत. बुरशी वरवरची आहे. छत काढायची गरज नाही."

"धुवायचं कसं?" ताईने विचारलं. हातात वही होती. महिनाभर छत काढा म्हणणारी ताई आता छत धुण्याची मुकादम झाली होती, आणि हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"आधी नळी भिंतीतून बाहेर काढा, तिच्यावरून जाड, उबदार कापड गुंडाळा, म्हणजे नळीतच पाणी व्हायचं नाही. ओल थांबली नाही तर कितीही घासा, पुन्हा येणार. मग माळ्याचं तोंड प्लॅस्टिकने बंद करून बारीक गाळणीच्या मशीनने बुरशीची धूळ ओढून घ्या, ब्रशने साबणाच्या पाण्याने घासा, पुसा, वाळवा. कोरडं झाडू नका, सगळ्या घरभर उडेल. डाग राहतील थोडे, ते राहू द्या. आणि रंग मारू नका."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. "मी काही बोललोय का?" दादा म्हणाला.

कंत्राटदार अण्णांकडे वळला. "काका, त्या दिवशी मी कच्च्या लाकडाचं बोललो. आत न जाता बोललो. चुकलं माझं."

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडावा, सगळे तेवढ्यासाठीच थांबले होते. अण्णा खाली बघत म्हणाले, "नाही चुकलं. कच्चं आहेच."

वहिनी पायरीवर बसली.

"अकरा फळ्या," अण्णा म्हणाले. "तुमच्या आजोबांकडे मी शिकलो. ते म्हणायचे, ओलं लाकूड लावू नये, ते कधी ना कधी बोलतंच. मीही हाताखालच्या प्रत्येकाला तेच सांगितलं. आणि स्वतःच्याच घराला अकरा ओल्या लावल्या. ताईच्या वेळी माईचे दिवस भरत आले होते, वर उघडं होतं, आणि वाळलेलं लाकूड महिनाभर मिळणार नव्हतं. खूण करून ठेवली, नंतर बदलू म्हणून. मग राहिलं. एकेचाळीस वर्षं. कुणी माझ्या हातच्या लाकडाचं नाव काढलं, की मला त्या अकरा आठवायच्या. हा म्हणाला कच्चं, तेव्हा मला वाटलं, बोललं एकदाचं."

"फुल्या," वहिनी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "अण्णा, त्या फुलीच्या फळ्या? मागच्या, झरोक्यापाशी?"

"त्याच."

"तुम्ही वर चला."

"त्यांचे गुडघे..." ताई म्हणाली, आणि मग अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून तिने वही बाजूला ठेवली. "थांबा. मास्क लावा. धाकट्या, तू मागून चढ, पाय सटकला तर खांद्यावर घे."

पंधरा वर्षांनी अण्णा माळ्याची शिडी चढले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तोंडाने पायऱ्या मोजत. वर पोचल्यावर थोडा वेळ आढ्याकडे बघत उभे राहिले. कडेच्या उजेडाच्या दोन्ही ओळी त्यांनी बोटाने मोजल्या, एकवीस आणि एकवीस. मग वहिनीचा हात धरून ते वाकत वाकत मागच्या टोकाला गेले.

तिने बॅटरी धरली. पहिली फुली. अण्णांनी कंत्राटदाराचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि टोचला. आत गेला नाही. अजून जोराने टोचला, ठक्क वाजलं. दुसरी, तिसरी, करत अकराही. दोन फळ्यांना बारीक तडा होता, दोरा जाईल एवढा, ओलं लाकूड वाळताना पडतो तसा. तो तडाही जुना होता, त्यात धूळ बसलेली. बुरशीचा एक ठिपका नव्हता. फुटकी काच कुणी बदलली नव्हती, तिथून वारा लागत गेला होता.

अण्णांनी मास्क खाली ओढला, ताईला दिसणार नाही अशा बेताने, आणि तळहात फळीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"वाळल्या गं," ते म्हणाले.

"कोण वाळलं?" खालून माईचा आवाज आला. तिला अंगणात थांबायला सांगितलं होतं, पण ती शिडीखालीच उभी होती.

"फळ्या. त्या अकरा."

खाली माईने शिडीचा दांडा धरला.

"मला वाटलंच," माई म्हणाली. "उश्या लावायला चढले तेव्हाच बघितल्या होत्या मी फुल्या. कळलं मला काय ते. घाई माझीच होती ना तेव्हा, उघड्यावर बाळंत होणार नाही म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. तुम्ही सांगत नव्हता, मी विचारत नव्हते. एवढी वर्षं कशाला वाहिलंत एकट्याने?"

अण्णांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. वहिनीने बॅटरी जरा बाजूला वळवली. धाकटा उगीचच नळी बघत राहिला.

मग ते आले तसे वाकत वाकत बाथरूमच्या बाजूला गेले, त्या तीन मऊ फळ्यांपाशी, आणि मागे हात करून म्हणाले, "पेन्सिल."

घरातल्या कुणाकडेच पेन्सिल नव्हती. कंत्राटदाराने खिशातून काढली, ती हातोहात शिडीवरून वर गेली. अण्णांनी तीन फळ्यांच्या कडेला तीन फुल्या मारल्या.

"या तीन उद्या बदलायच्या," ते म्हणाले. "उद्या म्हणजे उद्या, धाकट्याचा उद्या नाही. लाकूड मी स्वतः बघून आणणार. पाववाली, तू चल माझ्याबरोबर. तुला ओलं-सुकं कळतं."

कंत्राटदार खाली सही न झालेला कागद दुमडत होता. पेन्सिल परत मागायला त्याने तोंड उघडलं, पण वर बघतो तर ती अण्णांच्या उजव्या कानावर, जुन्या खळग्यात जाऊन बसली होती. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या," दादा म्हणाला. "दुकानात मिळते."